न पेटवलेलं पाचट

हातकणंगल्याजवळ आमचं तीस गुंठे ऊसरान आहे. ऊस तोडून नेला की मागं राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, आम्ही दरवर्षी पेटवून द्यायचो. रानातल्या घरात आई राहते आणि तिला दमा आहे. धुराच्या दिवसांत मी तिला कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या माझ्या फ्लॅटवर आणायचो. गेल्या वर्षी आणायला उशीर झाला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता धूर नको. म्हणजे एक तर जाळणं बंद, नाहीतर आईनं घर सोडायचं.

"तुझ्या फ्लॅटात मला करमत न्हाय," आई म्हणाली. विषय संपला.

पाचट सरीत कुजवायचं मी ठरवलं. पण रान थोरला चुलतभाऊ वाट्यानं करतो.

"लेका, शाहूपुरीत बसून शेती करतोस व्हय? खोडवा गुदमरून मरंल की," तो म्हणाला. खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस. तो नीट फुटला नाही तर पुढच्या वर्षी काडी लावायची, या अटीवर भाऊ तयार झाला.

आम्ही बुडखे मोकळे ठेवून पाचट सरीत दाबलं. वर थोडा युरिया आणि शेणकाला टाकला. पुढं ओढ्यापलीकडच्या जाळलेल्या रानात कोंब दिसायला लागले, आमच्यात एकही नाही. त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी गेलो तर भाऊ बांधावर उभा होता. त्यानं नुसता हात करून रान दाखवलं. कोंब आले होते. मी चार ओळी मोजल्या. दहा बुडख्यांमागं एखादा रिकामा.

"जाळल्यावरबी एवढी तूट पडतीच," भाऊ म्हणाला. "मोजत काय बसलाईस? फुटलाय न्हवं?"

पाचट उचललं तर खाली माती ओली होती, गांडुळं होती. पलीकडच्या रानाला दोन पाणी देऊन झाली होती, आमचं एकावरच निभावलं होतं. एका रानावरून सगळ्यांचा हिशेब मांडणं बरोबर नाही. पण घराला लागूनचा धूर टळला, पाणी वाचलं आणि जे जाळत होतो त्याचंच खत व्हायला लागलं, एवढं मी स्वतः पाहिलं.

आई दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग मला न्यायचं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग जेव की. आणि पुढच्या खेपंला सुनेला घिऊन ये. तिला म्हणावं, हितं ऱ्हायला जागा हाय."