अक्कांनी मोजून दिलेलं पाणी

डॉक्टरांनी कापसाचा बोळा चिमट्यात धरून मला दाखवला. तो निळा झाला होता. लघवीच्या पिशवीत नळीवाटे निळं औषध भरलं होतं आणि ते योनीमार्गात ठेवलेल्या कापसापर्यंत पोचलं होतं.

"याला व्हेसायकोव्हजायनल फिस्टुला म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये बारीक भोक पडलंय. तिथूनच लघवी गळतेय."

मला रडू आलं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. निदान दुखण्याला नाव तरी मिळालं.

त्याआधी जळगावात लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटावर बारीक छेद घेऊन दुर्बिणीतून, माझं गर्भाशय काढलं होतं. चारच दिवसांत मी पिंप्राळ्याला घरी आले. माझं करायला नरडाण्याहून मोठ्या नणंदबाई आल्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो.

अक्कांनी मला थेट बाळंतीणच करून टाकलं. कानाला रुमाल, डिंकाचे लाडू आणि पाणी अगदी घोटभर. "पानी जास्त पिऊ नको, टाका कच्चा शेतस," म्हणजे टाके अजून कच्चे आहेत, हे एकच पालुपद. अक्कांपुढे बोलायची आमच्या घरात कोणाची टाप नाही. मीही निमूट ऐकलं.

दहा-बारा दिवसांनी कपडे ओलसर राहू लागले. पाणीच कमी, त्यामुळे गळणंही कमी. अंगावरून जातंय, थांबेल, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, थापतात. शेजारणीने मला नुसतं बसायला बोलावलं. उठले तर खालचं पोतं ओलं, आणि वास. बायका हळूच सरकून बसल्या, तेच जास्त लागलं. त्यानंतर मी कोणाकडेच गेले नाही. पुन्हा कधी चारचौघींत बसता येईल का, ही एकच भीती मनात घर करून बसली. शेवटी गळणं थांबेना, म्हणून दवाखाना गाठला.

"ऑपरेशनच्या वेळी उपकरणाची उष्णता पिशवीला लागली असावी," डॉक्टर म्हणाल्या. "तो भाग हळूहळू मरतो आणि भोक नंतर उघडतं. पण पाणी का तोडलंत? भरपूर प्यायचं." अक्का शेजारीच होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काही आठवडे ठेवली. भोक बुजलं नाही. मग आतली सूज उतरेपर्यंत थांबून धुळ्याला दुरुस्तीचं ऑपरेशन झालं. पुन्हा नळी, आणि मी नरडाण्याला अक्कांकडे. आता बाई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागेच! नको म्हटलं तरी सोडायच्या नाहीत. पुढे तीच निळी तपासणी झाली. या वेळी कापूस पांढराच राहिला.

बायांनो, अशा ऑपरेशननंतर नकळत कपडे ओले झाले तर लाजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पाणी तोडू नका. हे बरं होतं.

यंदा बिबड्या आमच्याच गच्चीवर केल्या. अक्का मुद्दाम आल्या. सगळ्या बायकांसमोर त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला. "ले सुनंदा, बठ्ठं पी." मी तांब्या रिकामा केला आणि बिबड्या संपेपर्यंत जागची हलले नाही. उठले तेव्हा अक्कांनी हळूच माझ्या पोत्यावरून हात फिरवला. पोतं कोरडं होतं. त्या तिथेच बसून रडायला लागल्या, आणि मी मात्र हसत होते.