मावशीच्या हातचं तारण

त्या वॉर्डातून कुणी आपल्या पायांनी घरी जात नसे. डॉक्टरांनी हात टेकलेले, घरच्यांनी रडून घेऊन आपापल्या कामाची वाट धरलेली, असे सगळे तिथे. आणि त्यांच्या उशाशी मावशी. आया म्हणून लागली तेव्हापासून सगळे तिला मावशीच म्हणत, डॉक्टरसुद्धा. तिने चादर बदलली तर पेशंट कुशीवर कधी वळला ते त्याचं त्याला कळायचं नाही. तिच्या हाताखालच्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम झालेली दाखवा, मी मिशी उतरवून देतो! कामात तिच्या नखाची सर कुणाला नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की बाई कामचुकार होती.

पुढचं असं. शेवटी शेवटी माणसाला पाणी गिळवत नाही. पाजायला जावं तर ठसका लागून जीव जायचा. म्हणून कापसाचा बोळा पाण्यात भिजवायचा आणि ओठांवरून, जिभेवरून फिरवायचा. तहान भागत नाही, पण जिवाला जरा बरं वाटतं. हे काम मावशीचं. मावशी बोळा भिजवायची, हलका पिळायची, पेशंटच्या तोंडापासून वीतभर लांब धरायची आणि अगदी मऊ आवाजात म्हणायची, "म्हणा, प्रभू येशू, मी पापी आहे, मला वाचव."

म्हटलं की बोळा ओठांवर. नाही म्हटलं की बोळा परत वाटीत.

"अहो, घटकाभराची तर तहान," ती सिस्टरला समजवायची. "मेल्यावर युगानुयुगं घसा सुकला, तर तिकडे कोण जाणार आहे बोळा घेऊन?" सिस्टरच्या मागे बारा भानगडी, आणि मावशी एक दिवस आली नाही तर वॉर्डात नाक धरून फिरायची पाळी. सिस्टरने कानाडोळा केला. करतातच लोक.

आणि खोटं कशाला बोला, मावशीला मनापासून वाटायचं की ही देवाची चाकरी आहे. एक म्हातारे मास्तर होते, देवाचं नाव काढलं की खाटेवरूनच अंगावर खेकसायचे. त्यांनीही शेवटी दातओठ खात ते वाक्य म्हटलं आणि वर म्हणाले, "आता तरी दे, चेटकिणी!" मावशीने पहिलं तेवढं ऐकलं, दुसरं सोडून दिलं. रविवारी उपासनेत उभी राहून तिने साक्ष दिली की आणखी एक आत्मा वाचला. चर्चमधल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. देवाची सेवा कशी करावी ते आपल्या या बहिणीकडून शिका, असं पास्टर म्हणाले.

मग एक दिवस स्ट्रेचरवरून रंगारी आला. रंगारी म्हणजे मावशीचा बाप.

घर रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि स्वतःचं घर बुडवण्यातही नव्हता. मावशीची आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा हे महाशय दोन गल्ल्या सोडून दुसरीच्या घरी राहायला गेले. शेवटच्या दिवशी आईने त्याच्याच नावाचा धोसा घेतला. मावशी तेव्हा शाळकरी पोर. ती धावत गेली. बाप शिडीवर चढून एका दुकानाचं छत रंगवत होता. "बाबा, आई बोलावतेय. चला ना." त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "एवढा हात मारून येतो." पोर शिडीखाली थांबली, अंगावर रंगाचे थेंब घेत थांबली. एक हात मारून झाला, दुसरा झाला, पण हा उतरेना. शेवटी ती एकटीच घरी परतली. आई गेली होती, दाराकडे तोंड करून.

तोच बाप आता पोटाच्या कॅन्सरने चिपाड होऊन तिच्या वॉर्डात पडला होता. सिस्टरला दया आली. म्हणाली, "मावशी, तुमचे वडील आहेत. दुसऱ्या आयाला सांगू का?"

"छे! माझे मी बघते," मावशी म्हणाली. तिचे डोळे कसे चमकले म्हणून सांगू!

तिने बोळा भिजवला, पिळला, वीतभर लांब धरला. "बाबा, म्हणा."

रंगाऱ्याने बोळ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तुझा देव पाण्यावर माणसं विकत घेतो काय ग?"

बोळा वाटीत गेला.

असं दिवसामागून दिवस चाललं. त्याची चादर रोज पांढरीशुभ्र, नखं कापलेली, पाठीला पावडर. कुणी बोट ठेवायला जागा नाही. फक्त ओठ फुटून त्यांवर रक्त सुकलेलं. अंग पुसताना तो ओल्या फडक्याला तोंड लावायला बघायचा, की ही फडकं काढून घ्यायची. त्याने ते वाक्य म्हटलं नाही तर तो नरकात जाणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे ती त्याला वाचवतच होती, नाही का?

एका दुपारी ती वाटी घेऊन आली, तर तिने बोळा उचलायच्या आधी तोच बोलला. "ते राहू दे. ऐक." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो रडत होता, पण रडायला अंगात पाणी कुठे होतं? "मी शिडीवरून उतरलो नाही. उतरायला हवं होतं. मी पापी आहे. प्रभू येशू, मला वाचव."

शेजारच्या खाटांवरच्यांनी ऐकलं. सिस्टरने डोळे पुसले. इतकं खरं बोलणं त्या वॉर्डात कुणी ऐकलं नव्हतं. आणि मावशी? तिच्या मनात भलतंच. एवढ्यात सुटला? दोन वाक्यांत? आई दाराकडे बघत बघत मेली, आणि याला सगळं माफ? तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट असतं, कुणालाही मिळतं, हे ती आयुष्यभर सांगत आली होती. आज ते तिच्याच घशात अडकलं.

"पोरी," रंगारी म्हणाला, "तुझी आई भेटेल ना ग तिकडे? मला तिचे पाय धरायचेत."

हा प्रश्न काही नवा नव्हता. वॉर्डातला जो तो शेवटी हेच विचारायचा, आणि मावशी त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, भेटतील, तुमची सगळी माणसं भेटतील. आजही तिने हात हातात घेतला. बापाच्या कानाशी वाकली. आवाज तोच, मऊ.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही भेटणार ती."

मग तिने बोळा त्याच्या ओठांवर ठेवला. आता त्याने तोंड उघडलं नाही. पाणी हनुवटीवरून उशीत गेलं. संध्याकाळच्या आत तो गेला.

रविवारी तिने साक्ष दिली. टाळ्या तर अशा पडल्या की विचारू नका. उपासना सुटल्यावर पास्टर मुद्दाम पायऱ्यांपर्यंत आले. "केवढं भाग्य, ताई! देवाने तुमच्या हातून तुमच्या बापालाच वाचवलं. आता आई आणि बाबा दोघं प्रभूजवळ एकत्र असतील."

"पास्टर," मावशीने विचारलं, "तिकडे सगळ्यांना एकाच घरात ठेवतात का हो?"

बिचारीला दुःख अनावर झालंय, असं पास्टरांना वाटलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एकच घर, ताई. आणि आतलं एकही दार बंद नाही."

"मग मला नाही जायचं तिकडे," मावशी म्हणाली, आणि ड्यूटीची वेळ झाली होती म्हणून झपाझप पायऱ्या उतरून गेली.