घरी बेकन कोण आणतं?

सांगलीच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. दहिवडीजवळच्या आमच्या वाडीवरून सकाळची पहिली एसटी धरून. समोर तिघं बसलेले. मधल्या साहेबांनी माझा अर्ज चाळला आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरी बेकन कोण आणतं?"

बेकन म्हणजे डुकराचं मांस, एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, "सर, आमच्यात डुक्कर खात नाहीत. आम्ही मेंढरं पाळतो."

तिघंही हसले. बाजूच्या बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. "अहो, वाक्प्रचार आहे तो," साहेब म्हणाले. "घरात कमावून कोण आणतं, असा अर्थ. इंग्रजीत एम.ए. ना तुम्ही?"

कान तापले. पण मान खाली घातली नाही. "माझी आई आणते," मी म्हणाले.

"वडील नाहीत?"

"आहेत. मुंबईत हमाली करताना कंबर गेली त्यांची. आता घर ते सांभाळतात, मेंढरं आई. त्यावरच शिकले मी. सर, हा वाक्प्रचार आला कुठून?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी खिडकीकडे.

"म्हणजे तुम्हालाही सगळं येत नाही," मी म्हणाले आणि उठले.

नोकरी गेल्यातच जमा होती. स्टँडवर बसून मोबाइलवर शोधलं. नक्की कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं, जत्रेत चरबी फासलेलं डुक्कर सोडायचे, धरील त्यानं घरी न्यायचं. पण बोलणं गाजलं ते अमेरिकेतल्या एका काळ्या मुष्टियोद्ध्यामुळे. मोठ्या लढतीआधी त्याला आईची तार आली होती, बेकन घरी घेऊन ये म्हणून. तेव्हापासून जिंकून येणं, यश मिळवणं, असाही अर्थ रुळला.

घरी आईला सगळं सांगितलं. ती कोकराला दूध पाजत होती.

"मग? जिंकला का त्यो?"

"जिंकला."

"लय ब्येस. आन् त्या हसणाऱ्यांस्नी हसू दे गं. तू काय खोटं बोललीस? दुसरीकडं अर्ज टाक."

त्याच आठवड्यात साताऱ्याच्या शाळेत अर्ज टाकला. आता तिथं इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात मुलं बिनधास्त चुकतात.