माझ्या भावाच्या काळ्या शेवया

चाळिशीतली मी आज मला रस्त्यात भेटले, तर मी तिच्याशी बोलणार नाही. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स, डोळ्यांवर गॉगल आणि मान अशी ताठ, की वर भरलेला हंडा ठेवला असता तरी हिंदकळला नसता. भिंगारच्या शाळेत मी बाई होते. शाळेतून घरी येताना एका ठिकाणी मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि पन्नास पावलांनी पुन्हा अलीकडे यायचे. कारण त्या पन्नास पावलांत माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा हातगाडा होता.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. भाऊ बारा वर्षं बोधगयेला राहून परतला होता. तिथे आधी जपानी यात्रेकरूंच्या स्वयंपाकघरात, मग थाई यात्रेकरूंच्या. आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. मुलगा बुद्धाच्या गावी असतो, हे ते चारचौघांत सांगायचे. तिथे कणीक तिंबतो हे सांगायचे नाहीत. वडील गेले, मग आई गेली. मला माहेर म्हणून हा एकटा उरला. आला तो एक लांबलचक लाटणं आणि एक रुंद पात्याची सुरी घेऊन.

"आक्का, गाडा टाकतो," म्हणाला. "थंडीपर्यंत चालला तर हितंच राहीन. न्हाई चालला तर जाईन, मग पुन्हा येनं न्हाई."

तो राहावा म्हणून माझा जीव तुटत होता. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "हितंच नाही रे, इथेच म्हण."

गाडा म्हणजे वर पत्रा, खाली रॉकेलचा स्टोव्ह, पुढे एक बाकडं. उत्तरेकडच्या फौजी कुटुंबांमुळे भिंगारच्या बाजारात कुट्टूचं पीठ मिळायचं, ते करड्या रंगाचं पीठ तो परातीत मळायचा, मोठी पोळी लाटायचा, तिच्या घड्या घालायचा आणि सुरीने दोऱ्यासारख्या शेवया कापायचा. त्या पिठाला चिकटपणा नसतो, शेवया तुटतात. त्याच्या तुटत नसत. शेवया जपानी आणि रस्सा थाई: नारळाचं दूध, गवती चहा, आलं, लिंबाची पानं. हे सगळं मला लांबून माहीत. लोक यायचे, पातेल्यात डोकावायचे, "लाल चायनीज नाही का?" विचारायचे आणि जायचे.

एकदा त्याने घरी येऊन रश्शाचं सांगायला सुरुवात केली. "आक्का, खरी गंमत रश्शात हाय. त्यात मी..."

"मला पाककृती नको सांगूस. मला पेपर तपासायचेत."

 मी लाल पेनने कुणाचे तरी ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसले. केवढी विदुषी!

नवरात्र जवळ आलं. शाळेत एका फौजीची बायको मुलीला सोडायला यायची. ती बोलता बोलता म्हणाली, की त्यांच्याकडे व्रताला कुट्टूचं पीठ चालतं. माझ्या डोक्यात लख्ख दिवा पेटला. आमच्या घरात वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून उपवास नव्हतेच. पीठ चालतं म्हणजे सगळं चालतं, असा हिशेब मी दोन मिनिटांत केला. मीठ कुठलं, रश्शात काय, एक प्रश्न पडला असेल तर शपथ. पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरांत लिहिलं: 'कुट्टू के आटे की ताज़ी सेवइयाँ. व्रत में चलेंगी.' घटस्थापनेच्या सकाळी शाळेत जाताना गाड्याच्या पुढच्या बाजूला टांगलं. तो मागे पाणी भरत होता. मी हात हलवला, त्याने हलवला. तेवढंच.

मधल्या सुट्टीत राहवेना म्हणून बघायला गेले. बाकड्यावर जागा नव्हती. सात-आठ बाया, कुणी उभ्या, कुणी वाडगा तोंडाला लावलेल्या. भावाचा चेहरा वाफेने आणि आनंदाने नुसता ओला झाला होता.

"आक्का! बघ, आले लोक! म्या म्हनलं नव्हतं, एकदा चव लागली की येतील?"

पाटी त्याच्याकडे पाठ करून टांगलेली. तो समजत होता, लोक त्याच्या हातासाठी आलेत. मी सांगितलं नाही. त्याचा आनंद बघत मिरवत उभी राहिले.

बाकड्याच्या टोकाला एक म्हातारी होती, कुणा जवानाची आई. वाडगा संपवून तिने प्रेमाने विचारलं, "बेटा, ये इतना स्वाद काहे का है?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो फुलून म्हणाला, "सूखा झींगा, माँजी! सुकट. पहले भूनता हूँ, फिर उबालके छान लेता हूँ."

कुणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं. म्हातारी उठली, नळाशी गेली आणि चुळा भरत राहिली, भरत राहिली. मग तिथेच ओल्या फरशीवर बसून रडायला लागली. बाकीच्या बायांनी वाडगे खाली ठेवले. एकीने पाटीकडे बोट केलं. भाऊ हात पुसत गाड्याला वळसा घालून पुढे आला. त्याने वाचलं. म्हातारीसमोर जाऊन हात जोडले. ती त्याच्याकडे बघेना.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्षर अजून छान हाय तुझं, आक्का."

दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी मी रस्ता न ओलांडता सरळ गाड्यावर गेले आणि बाकड्यावर बसले. गॉगल पर्समध्ये ठेवला, मोठा त्याग केल्यासारखा. त्याने न विचारता वाडगा भरला.

"आवाज करून ओढायच्या," तो म्हणाला. "तिकडं तशाच खातात. करनाऱ्याला बरं वाटतं."

डब्यातलं खाताना आवाज केला म्हणून मी पोरांना उभं करायचे. ओठ आवळून मी एकेक शेवई आत घेतली. पिठाला भाजल्यासारखा, पावसाळी मातीसारखा वास होता. शेवई दातांखाली क्षणभर अडायची आणि मग सुटायची. रश्शात आधी गवती चहा, मग आंबट, मग तिखट, आणि सगळ्यांच्या तळाशी आईच्या हातच्या सुकटीची चव. तीच, तव्यावर भाजून ठेचलेली. बारा वर्षं परमुलखात राहून त्याने ती चव सांभाळली होती आणि मी पन्नास पावलांवरून टाळत होते. एक घास जरी आधी खाल्ला असता, तर पहिल्या घोटाला कळलं असतं. पाटी लिहिली नसती.

"कशा झाल्यात?"

"छान," मी म्हणाले. वहीवर लिहितात ना, तसं.

"अजून घे."

मी तीन वाडगे खाल्ले. पोट तटतटलं तरी खात होते, जणू मी एकटीने खाऊन गाडा चालणार होता. येणारे-जाणारे बघत होते. ओढायचा आवाज काही माझ्या तोंडून निघाला नाही.

"आता थंडी लांब आहे अजून," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला आणि स्टोव्हची हवा सोडली.

आठवड्याने तो गेला. नगर स्टेशनवर गाडी हलेपर्यंत मी त्याला नीट जेवत जा, पत्र लिही, अंगात स्वेटर घाल, असं सगळं सांगितलं. राहा, एवढं म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? पत्रं दोन आली. मग मी पाठवलेलं परत आलं, पत्त्यावर माणूस नाही म्हणून. त्यानंतर माहेर हा शब्द मी फक्त मुलांना निबंधात लिहायला दिला.