जनावर चावलं

देवकाबाई सौंसरजवळच्या एका सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं आया होती. लादी पुसायची, चादरी बदलायची, पण डॉक्टरांच्या बोलण्यात कधी तोंड घालायची नाही. एकदा घातलं होतं, तेव्हा जुन्या डॉक्टरने तिला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं.

त्या दुपारी मोहगावकडून अंबाबाई नवऱ्याला, भिवाजीला, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन आली. थोड्या वेळापूर्वी तो बगीच्यात संत्र्याच्या झाडाचं आळं साफ करत होता.

"जनावर चावलं जी यायले," अंबाबाई म्हणाली.

डॉक्टर नवा, भोपाळकडचा. त्याने पाय पाहिला. काट्यांचे ओरखडे, त्यात दोन बारीक ठिपके, सूज नाहीच. "कौन सा जानवर? कुत्ता?"

"नाही जी. जनावर."

"बंदर? सूअर?"

अंबाबाई नुसती मान हलवत राहिली. त्याचं नाव घेतलं की विष चढतं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. डॉक्टरने आतल्या खोलीतल्या सोनाली सिस्टरला हाक मारून कुत्र्याच्या चाव्याची लस काढायला सांगितलं.

बादली घेऊन दारात उभी देवकाबाई हे सगळं ऐकत होती. हिंदीत जानवर म्हणजे कोणतंही. गावात मात्र चावणारं जनावर एकच. सिस्टर इकडचीच, ती बाहेर आली की सांगेल, असं म्हणून ती थांबली. तेवढ्यात भिवाजीने पाणी मागितलं, तर शब्द नाकातून आले. पापण्या मिटून राहिल्या होत्या.

तिने बादली खाली ठेवली. "साहेब, हमारे यहां जानवर काटा मतलब सांप काटा. इनकी आंखें देखो."

डॉक्टरने भिवाजीच्या पापण्या वर करून पाहिल्या, आणि तो स्वतःच फ्रिजकडे धावला. सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. तरी श्वास अडखळू लागला, तेव्हा भिवाजीला अँब्युलन्समध्ये घातलं. नागपूरपर्यंत डॉक्टर हाताने श्वासाचा फुगा दाबत गेला. देवकाबाई अंबाबाईचा हात धरून समोर बसली होती.

तिसऱ्या दिवशी भिवाजीने डोळे उघडले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरने देवकाबाईला टेबलासमोर खुर्चीवर बसवलं आणि रोग्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द टिपलेली वही उघडली.

"पान लागलं, मतलब?"

"वह भी सांप ही, साहेब."

त्याने लिहून घेतलं आणि पुढचा शब्द विचारला. बाहेर रांग वाढत होती, तरी तिला उठायची घाई वाटली नाही.