फाट्यावर माणूस उभा करणारे थावरभाऊ

थावरसिंग राठोड यांची आणि माझी पहिली भेट इंझोरीच्या फाट्यावर झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्यावर खेकसले. रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून माझा तो पहिलाच दिवस होता आणि मला घ्यायला येणारी गाडी चांगली पंधरा मिनिटं उशिरा आली होती. "ओ ड्रायव्हर, घड्याळ आहे का तुमच्याकडे?" असं मी म्हणाले. ते खाली उतरले, माझी बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणाले, "ड्रायव्हर म्हना, मॅडम, राग नाई. पन कागदावर पायलट हाय. पायलट म्हंजे काय, ठाऊक हाय का तुमाले?"

विमान चालवतो तो, असं मी तुसडेपणानं सांगितलं.

"तो मागून आला. पयले जहाजावर होता. बंदरात खडक कुठं, गाळ कुठं, हे ज्याले ठाऊक, तो जहाजाले वाट दाखवे. मी बी तेच करतो. पुढं पूल खचला हाय, म्हनून फिरून आलो."

मी गाडीत बसले. मी किन्हीराजाच्या शेतकऱ्याची मुलगी, सारा जन्म वाशिम जिल्ह्यात गेला. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता आणि भाऊंनी तर आजही पाहिलेला नाही. पण बंदर मला त्यांनीच शिकवलं.

येत्या महिन्यात भाऊ साठ वर्षांचे होत आहेत. नियमाप्रमाणे ते गाडीवरून उतरतील. त्यानंतर त्यांना प्रशिक्षक म्हणून आमच्याच सेवेत ठेवावं, असा प्रस्ताव जिल्हा कार्यालयात गेला आहे आणि तिथेच अडकला आहे. त्यांच्या फाइलीत एक शेरा आहे. तो शेरा तिथे कसा आला हे या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी कुणालाच माहीत नाही, मला मात्र माहीत आहे. ते लिहायचं की नाही, या विचारात मी हा लेख तीनदा अर्धवट टाकला. आज चौथ्यांदा बसले आहे. गाडी मानोऱ्यात उभी आहे, वही मांडीवर आहे, आणि फोन कधीही वाजेल. तेव्हा जे काही आहे ते आजच लिहून टाकते.

पण आधी भाऊंविषयी. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर त्यांचा जन्म झाला. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. भाऊ आजीजवळ राहून शिकले आणि कळते झाल्यावर मानोऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले. लोक त्यांना लगेच कंपाउंडर म्हणू लागले. "म्या कंदी औषध मिसळलं नाई, मॅडम. तरी कंपाउंडर! मले लाजच वाटे. मंग एक दिवस डॉक्टरसाहेबाले इचारलं, हे नाव आलं कुठून?" डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की औषधांचं मिश्रण करतो तो कंपाउंडर. मग ड्रेसरचंही सांगितलं. जुन्या इस्पितळांत शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या मागोमाग जाऊन जखमा बांधणारे विद्यार्थी असत, ते ड्रेसर. भाऊंना त्या दिवसापासून जो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. जिल्ह्यात नवा डॉक्टर आला, नवी परिचारिका आली, की भाऊ चहा सांगतात आणि चहा येईपर्यंत विचारून घेतात, तुमच्या हुद्द्याचं नाव कुठून आलं. बहुतेकांना ते सांगता येत नाही. मलाही आलं नव्हतं.

पॅरामेडिक या शब्दाबद्दल त्यांच्याकडे दोन मतं जमली आहेत. कुणी म्हणतं, हवाई छत्री घेऊन विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकी वैद्यकांवरून तो आला. कुणी म्हणतं, वैद्यकाच्या बाजूला उभा राहणारा म्हणून. भाऊंना दुसरं मत पसंत आहे. "उडी मारनं सोपं हाय. बाजूले उभं राहनं कठीन," असं ते म्हणतात आणि स्वतःच हसतात. अँब्युलन्स म्हणजे मुळात सैन्याबरोबर चालणारा दवाखाना, हे कळलं तेव्हा तर त्यांनी मला दोन दिवस पिडलं होतं. पण त्यांच्या खऱ्या जिव्हाळ्याचा शब्द डोलीवाले हा. इंग्रजांच्या पलटणींत जखमी शिपायांना डोलीत घालून रणातून बाहेर काढणारे आपलेच लोक होते. त्यांना हुद्दा असा नव्हताच, जे उचलायचे तेच त्यांचं नाव झालं.

हा नुसता छंद असता तर मी त्यावर दोन कौतुकाची वाक्यं लिहून मोकळी झाले असते. भाऊंनी त्यातून काम उभं केलं. आमच्या भागातल्या कित्येक तांड्यांवर शेवटचा कोस दीड कोस गाडी जात नाही. रुग्णाला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तेव्हा होतं काय, की सगळा तांडा बाजेभोवती गोळा होतो आणि फाट्यावर गाडीला वाट दाखवायला कुणीच नसतं. आधी कार्यालयानं स्वयंसेवक नेमून पाहिले. भाऊ म्हणाले, "स्वयंसेवक म्हनलं की साऱ्याइचं काम. साऱ्याइचं म्हंजे कोनाचंच नाई. एकेकाले नाव द्या." आणि त्यांनी नावं दिली. बाजेच्या उशाशी चालणारा, रुग्णाशी बोलत राहणारा आणि थांबा-उचला सांगणारा तो उशेकरी. लाल कापड घेऊन फाट्यावर उभा राहणारा तो फाटेकरी. गाडी येईस्तोवर फाटेकऱ्यानं जागा सोडायची नाही. घरचं माणूस बाजेवर असलं तरी सोडायची नाही. सुटीच्या दिवशी स्वतःच्या मोटारसायकलवर तांडे फिरून त्यांनी हे शिकवलं. मी एकदोनदा गेले होते. म्हातारीकोतारी माणसं रांगेत उभी राहून "मी उशेकरी", "मी फाटेकरी" असं छाती काढून सांगत होती. मला हसू आलं तर भाऊंनी मला चक्क बाहेर जायला सांगितलं.

असे ते कडक आहेत, पण माझ्यावर त्यांची माया किती, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक रुग्ण माझ्या हातात, धावत्या गाडीत गेला. रुग्णालयात पोचल्यावर मी गाडीतून उतरेचना. भाऊंनी मला उठवलं नाही. त्यांनी बादली आणली, गाडी धुतली, माझ्या पायांभोवतीची फरशी पुसली, मग खाली काढलेल्या माझ्या चपला नेऊन धुऊन आणल्या आणि उन्हात ठेवल्या. चपला वाळल्या तेव्हा म्हणाले, "चाला, च्या घेऊ." त्यांनी मला कधीही धीर धरा वगैरे म्हटलेलं नाही.

आता त्या दिवसाचं.

दिवाळी होऊन गेली होती. तांड्यावरची धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी, लेकुरवाळ्या आणि भरल्या दिवसांची एक सून. सकाळी ती घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. आम्ही गेलो. अवकाळी पावसानं काळ्या मातीचा राडा झाला होता. चार म्हाताऱ्यांनी बाज आणली, आम्ही बाईला गाडीत घेतलं, आणि फाटा हाकेच्या अंतरावर असताना गाडी रुतली. भाऊंनी शेजारच्या तालुक्यातली गाडी फोनवर मागवली. तिचा पायलट या भागात नवा होता. "लाल कापड घेतलेली बाई दिसली का डाव्या अंगाले वळजा," असं त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. फाट्यावर सोनीबाई उभ्याच होत्या, त्या तांड्याच्या फाटेकरी. मग भाऊ जवळच्या शेतावरून ट्रॅक्टर मिळतो का ते पाहायला पळाले.

मध्ये तूर उभी होती, पुरुषभर उंच. फाट्यावरून आमची गाडी दिसत नव्हती.

मला दुसरी सलाईन लावायची होती आणि पोटावरचा दाब सोडता येत नव्हता. सासूच्या हातात बाळ. म्हातारे बाईला हात लावायला तयार नाहीत. मी उघड्या दारातून ओरडले, "सोनीबाई, इकडं या!"

तुरीपलीकडून आवाज आला, "मले भाऊनं हलू नोको म्हनून सांगतलं, बाई!"

"मी डॉक्टर आहे! मी सांगते, या!"

त्या आल्या. मी दाखवलं तसा त्यांनी पोटावर दाब धरला, मी सलाईन लावली. एवढ्यात डांबरी रस्त्यावरून गाडीचा भोंगा वाजत आला आणि तसाच पुढे निघून गेला. सोनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर ते लाल कापड होतं. दुसऱ्या गाडीच्या पायलटचा फोन लागत नव्हता. तो पुढच्या गावी जाऊन, विचारत विचारत परत आला. अर्धा तास गेला. पोटावर दाब द्यायला म्हाताऱ्यांपैकी एकाला दटावता आलं असतं, सासूला बाळ बाकावर ठेवून दाब धरायला सांगता आलं असतं, हे सगळं मला त्या अर्ध्या तासात सुचलं.

बाई वाचली. तिची गर्भपिशवी मात्र काढावी लागली. उशीर झाला नसता तर काय झालं असतं हे सांगता येणार नाही, असं रुग्णालयातल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्या वाक्याखाली मी बरेच दिवस लपून राहिले.

चौकशी झाली. फाट्यावर माणूस का नव्हता, एवढाच प्रश्न होता. भाऊंनी लिहून दिलं, फाटेकरी मी नेमली होती, तिला नीट समजावलं नव्हतं, चूक माझी. त्यांच्या फाइलीत शेरा गेला, प्रशिक्षण देण्यास योग्य नाही. मला काही विचारलं गेलं नाही आणि मीही आपण होऊन काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्यांना विचारलं, "काहून लिहिलं तुमी असं?"

"मंग कोनाचं नाव लिहू? सोनीबाईचं? ते बिचारी तुमच्या शब्दानं आली. का तुमचं? तुमच्या नावामागचं डॉक्टर डगमगलं तर उद्या तांड्यावरची बाई तुमाले हात लावू देईन का? माझं काय, मी गाडी चालवून राह्यलो, चालवत राहीन." आणि त्यांनी गिअर टाकला. विषय तिथेच संपला, निदान त्यांच्यापुरता.

माझ्यापुरता संपला नाही. भाऊ साठीला आले, प्रस्ताव गेला, शेरा आडवा आला, आणि माझी झोप गेली. गेल्या आठवड्यात मी एकटीच सोनीबाईंकडे गेले. त्या फाट्यावर उभं राहायच्या बंद झाल्या आहेत. लाल कापड त्यांनी धुऊन भाऊंना परत केलं होतं. मी त्यांना सांगितलं, चूक तुमची नव्हती, माझी होती. त्यांनी निवडायच्या ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मले वाटे, मीच हलली. रोज वाटे. तुमी तवाच काहून नाई सांगतलं, बाई?"

भीती वाटली, एवढंच खरं आहे, आणि तेवढंच त्यांना सांगितलं. ज्या माणसानं हुद्द्याचं मूळ शोधण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्या शेजारी बसून मी माझा हुद्दा एका बाईला जागेवरून हलवायला वापरला आणि नंतर त्याच्याच आड लपले. याचा मला राग येतो, भाऊंचाही येतो. त्यांनी मला विचारायला हवं होतं. माझी चूक परस्पर उचलून नेण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

काल मी जिल्हा कार्यालयात लेखी निवेदन दिलं आहे. सोनीबाईंना मी बोलावलं, माझ्या हुकमावरून त्या जागा सोडून आल्या, थावरसिंग राठोड यांचा यात दोष नाही, त्यांचं प्रशिक्षण चोख होतं, असं त्यात आहे. त्याची प्रत या ग्रंथाच्या समितीकडेही दिली आहे. प्रस्तावाचं काय होईल ते मला ठाऊक नाही. माझं काय होईल तेही नाही. भाऊंना हे अजून माहीत नाही. हा ग्रंथ हातात पडल्यावरच कळेल. ते रागावतील, चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. रागावू देत.

भाऊंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे दुखायचे थांबोत, नवे डॉक्टर येत राहोत आणि चहाबरोबर त्यांची परीक्षा होत राहो. तांड्या-तांड्यावर त्यांनी आणखी कितीतरी माणसं फाट्यावर उभी करावीत. आणि माझी एक हक्काची मागणी आहे, ती त्यांनी मान्य करावी. यापुढे माझ्याकडून चूक झाली, तर ती माझ्याच नावावर राहू द्यावी.