बारा तक्रारींची एक तक्रार

चहा गार झाल्याशिवाय प्यायची नाही. बसली की आधी चपला काढायची. फोन उजव्या कानाला असला तर कंपनी, डाव्या कानाला असला तर वॉर्ड. "बघते" असं मोघम कधी म्हणायची नाही. "सोमवारी सांगते" म्हणायची आणि सोमवारी सांगायची.

ताई आमची नगरसेविका. नऊ ते सहा एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची, त्याच्या आधी आणि नंतर वॉर्डाची कामं. पालिकेला जाणारी तिची पत्रं मी लिहायचो. पहिलं पत्र वाचून म्हणाली, "छान लिहितोस रे. पण यात गटार कुठंय?"

तिच्या सासूबाई म्हणायच्या, "अख्ख्या वॉर्डाचं पाणी हिला तोंडपाठ. घरचा नळ महिनाभर टपकतोय." ताई हसायची. नळ टपकत राहायचा.

तक्रारी फोनवर यायच्या, चिठ्ठ्यांवर यायच्या. दोन रविवार बसून तिनं त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. एकाच जागेची तक्रार पुन्हा आली की तो ती जुनीतच जमा करायचा. "कंपनीत असंच करतो आम्ही," ती म्हणाली. "एकच चूक दहा जणांनी कळवली तर दहादा कशाला मोजायची?" पालिकेला पाठवलेली तक्रार यादीत आपोआप खाली जायची.

तीन आठवड्यांनी शिंपीकाका तिच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे चार खुर्च्यांची खोली.

"ताई, नळाला घाण पाणी येतंय. गल्लीतल्या बाराजणांनी कळवलं."

"माझ्याकडे एकच आहे, काका."

"मग बाकीचे अकरा काय भिंतीशी बोलले? बायको काविळीनं हॉस्पिटलात आहे माझी."

तिनं लॅपटॉप उघडला. यादीच्या तळाशी ती एक तक्रार होती, पालिकेला कधीच पाठवून झालेली. अकरा तिच्या पोटात होत्या.

"चूक माझी आहे, काका."

"मशीनची असेल."

"मशीनला मीच सांगितलं होतं."

कंपनीला त्या दिवशी नवं काम ग्राहकाच्या हाती द्यायचं होतं. तिनं फोन उजव्या कानाला लावला. "आज येत नाही. हो, माहीत आहे मला. ठपका ठेवायचा तर लेखी ठेवा." मग आम्ही पालिकेत गेलो आणि इंजिनिअरला सोबत घेऊनच बाहेर पडलो. गटाराजवळ पाइप फुटला होता. तिसऱ्या दिवशी तो बदलला. प्रोग्रॅममधला तक्रारी एकात जमा करणारा भाग तिनं काढून टाकला.

तरी तिचं समाधान होईना. बाराही घरी जाऊन चूक कबूल करायची, असं तिनं ठरवलं. मी म्हटलं, "एक पत्र लिहितो, सगळ्यांना वाटू."

"बाराजणांना मिळून एक?" ती म्हणाली. "तेच तर केलं होतं मी."

रोज कामावरून आली की दोन घरं. एका घरात चहा मिळाला. एका बाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताई परत गेली. शिंपीकाकांचं घर तिनं शेवटी ठेवलं. काकूंनाच सांगायचं होतं, आणि त्या अजून हॉस्पिटलात होत्या. तिथं पलंगाशी उभं राहून माफी मागणं तिला बरं वाटेना. "घरी येऊ दे त्यांना," म्हणाली.

गुरुवारी सकाळी कंपनीत मीटिंग चालू असताना ती खुर्चीतच कोसळली. हार्ट अटॅक. वय एक्केचाळीस. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

अकरा घरं झाली होती. काकू शनिवारी घरी आल्या.